ताप उतरल्यावर येणारी मेंदूची सूज

गोवर किंवा कांजिण्या येऊन जातात, पुरळ सुकते, ताप उतरतो, मूल अंगणात खेळू लागते. आणि आठ-दहा दिवसांनी तेच मूल एकाएकी चिडचिडे होते, गुंगीत पडून राहते, एका बाजूचा हातपाय उचलेनासा होतो, दिसणे कमी होते किंवा झटके येतात. घरची माणसे म्हणतात, ताप डोक्यात गेला. डॉक्टरांपुढे मात्र दोन अगदी वेगळ्या शक्यता असतात. विषाणू खरोखरच मेंदूत शिरला असेल आणि तिथल्या पेशी मारत असेल. किंवा विषाणू केव्हाच संपला असेल आणि त्याच्याविरुद्ध उठलेली प्रतिकारयंत्रणा आता स्वतःच्याच मेंदूवर चालून गेली असेल. दुसऱ्या प्रकाराचे सर्वांत ठळक रूप म्हणजे अ‍ॅक्यूट डिसेमिनेटेड एन्सेफॅलोमायलायटिस. वॉर्डात त्याला आद्याक्षरांवरून एडेम म्हणतात, इथेही तेच नाव वापरतो.

आजार विरळ आहे. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांनुसार दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला एकाहूनही कमी रुग्ण आढळतात. त्यांत पाच ते आठ वर्षांच्या आसपासची मुले जास्त. तरीही मेंदूविज्ञानात या आजाराला त्याच्या संख्येपेक्षा कितीतरी मोठे स्थान आहे. बाहेरून आलेला जंतू माणसाच्या शरीराला स्वतःविरुद्ध कसा उभा करतो, हा प्रश्न इथे इतर कोणत्याही आजारापेक्षा उघडपणे समोर येतो. गेल्या वीस वर्षांत या प्रश्नाची मांडणीच बदलली, म्हणून त्याचा आढावा घ्यायला ही वेळ योग्य आहे.

मुळात बिघडते काय

मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंभोवती मायलिन नावाचे मेदयुक्त आवरण असते. विजेच्या तारेवरच्या वेष्टनासारखे ते संदेश गळू देत नाही आणि त्यांचा वेग टिकवते. एडेममध्ये मेंदूतल्या बारीक शिरांभोवती दाहक पेशी गोळा होतात आणि त्या शिरांच्या कडेकडेचे मायलिन सोलवटते. आतला तंतू मात्र पुष्कळदा शाबूत राहतो. बेशुद्धावस्थेत आणलेले मूल काही आठवड्यांनी चालत घरी जाते, ते यामुळेच. मल्टिपल स्क्लेरोसिस या नातेवाईक आजारात मायलिन जाते ते मोठमोठ्या एकसंध पट्ट्यांत, आणि कालांतराने तंतूही झिजतात. एडेमचे एक अतिशय उग्र, रक्तस्रावी रूपही आहे. ते १९४१ मध्ये वेस्टन हर्स्ट यांनी वर्णिले आणि आजही ते जिवावर बेतते.

गोवर, देवी आणि मेंढीचा मेंदू

गोवरानंतर मज्जासंस्थेला इजा होते, ही नोंद जुनी आहे. इंग्लंडमधल्या लीड्सचे शल्यचिकित्सक जेम्स लुकास यांनी १७९० मध्ये गोवरातून उठलेल्या एका तरुणीच्या पायांतले बळ गेल्याचे लिहून ठेवले. देवी आणि कांजिण्यांनंतरही असेच घडल्याचे पुढे दिसत राहिले. पण या घटनांना गंभीर वादाचे रूप आले ते लशींमुळे.

पाश्चर यांनी १८८५ मध्ये रेबीजची लस दिली ती सशाच्या मज्जारज्जूपासून बनवलेली होती. लस घेतलेल्यांपैकी थोड्या जणांना काही दिवसांनी लकवा होऊ लागला. आधी सगळ्यांना वाटले, हा रेबीजच आहे, लस पुरेशी निष्प्रभ झाली नसावी. भारतात १९११ मध्ये कसौलीला डेव्हिड सेम्पल यांनी मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवून तो फिनॉलने मारण्याची पद्धत बसवली, आणि पुढची जवळजवळ नऊ दशके आपल्याकडे कुत्रा चावला की तीच लस मिळत असे. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागलेली माणसे महाराष्ट्रातल्या गावोगावी अजून आहेत. त्या लशीनंतर मज्जासंस्थेची गुंतागुंत होण्याचे प्रमाण वेगवेगळ्या अहवालांत काही शेकड्यांमागे एकापासून काही हजारांमागे एकापर्यंत सांगितले गेले. रेबीजला इलाज नव्हता, म्हणून हा धोका पत्करावा लागे. या लशीचे उत्पादन भारतात २००४-०५ च्या सुमारास थांबले आणि पेशींवर वाढवलेल्या, मेंदूचा अंशही नसलेल्या लशी सरकारी दवाखान्यांत आल्या.

लकव्याला विषाणू जबाबदार की लशीतला मेंदूचा अंश, याचा निवाडा न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये झाला. थॉमस रिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी १९३३ मध्ये माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचा अर्क पुन्हा पुन्हा टोचला. विषाणूचा लवलेशही नसताना काही माकडांना लकवा झाला, आणि त्यांच्या मेंदूत शिरांभोवतीचे मायलिन गेलेले दिसले. माझ्या मते या क्षेत्राचा खरा पाया इथे आहे; मेंदूचा दाह ही प्रतिकारयंत्रणेची करणी असू शकते, हे त्या दिवसापासून नाकारता येईना. एल्विन कॅबट यांनी १९४७ मध्ये प्रतिकारशक्ती चेतवणारे द्रव्य अर्कात मिसळून तोच परिणाम थोडक्या मात्रेत आणि लवकर घडवून दाखवला. प्रयोगशाळेतला हा कृत्रिम आजार आजही मल्टिपल स्क्लेरोसिसवरच्या औषधांची पहिली चाचणी ठरतो.

माणसांतला पुरावा यायला आणखी अर्धे शतक गेले. रिचर्ड जॉन्सन, डायन ग्रिफिन आणि सहकाऱ्यांनी पेरूतल्या लिमा शहरात गोवरानंतर मेंदूदाह झालेले रुग्ण अभ्यासले. त्यांच्या मेंदूत विषाणू वाढत असल्याचा पुरावा सापडेना, पण रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी मायलिनमधल्या एका प्रथिनावर चवताळून उठत होत्या. हे निष्कर्ष १९८४ मध्ये छापले गेले. तीन वर्षांनी थायलंडच्या थिरावत हेमाचुधा यांच्या गटाने सेम्पल लशीच्या बळींत त्याच प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे दाखवली. गोवराच्या साधारण हजार रुग्णांमागे एकाला हा मेंदूदाह होतो. गोवराच्या लशीनंतर त्याचे प्रमाण दहा लाखांमागे एखाद-दुसरे इतके खाली येते. या विषयातला इतका निर्विवाद प्रतिबंध दुसरा नाही.

हल्ल्याची ठिणगी: मतमतांतरे

प्रतिकारयंत्रणा मेंदूवर उलटते, हे मान्य झाले. का उलटते, यावर एकमत नाही.

सर्वांत प्रसिद्ध मत साम्याचे. विषाणूच्या प्रथिनाचा एखादा तुकडा मायलिनच्या तुकड्यासारखा असतो, आणि विषाणूवर नेम धरलेल्या पेशी चुकून मायलिनवर घाव घालतात. रॉबर्ट फुजिनामी आणि मायकेल ओल्डस्टोन यांनी १९८५ मध्ये हिपॅटायटिस बी विषाणूच्या प्रथिनात मायलिनशी जुळणारा छोटा तुकडा शोधला, आणि तो सशांना टोचल्यावर काही सशांच्या मेंदूत दाह झाला. मत सुबक आहे आणि पाठ्यपुस्तकांना आवडते. पण त्यावरचे आक्षेपही वजनदार आहेत. प्रथिनांचे इतके छोटे तुकडे शोधायला बसले तर कुठेही जुळतात, आणि बहुतेक जुळण्यांतून काहीच घडत नाही. शिवाय एडेम गोवर, कांजिण्या, रुबेला, इन्फ्लुएन्झा, डेंगी, चिकुनगुन्या, एवढेच काय मायकोप्लाझ्मासारख्या जिवाणूनंतरही होतो. एकमेकांशी काही नाते नसलेल्या या जंतूंचे सगळ्यांचेच मायलिनशी साम्य असणे पटायला कठीण जाते.

दुसरे मत उलट्या दिशेने जाते. विषाणू आधी मेंदूला थोडी इजा करतो, एरवी प्रतिकारयंत्रणेपासून झाकून राहिलेली प्रथिने बाहेर सांडतात, आणि तिथून हल्ला सुरू होतो. उंदरांतला थायलर विषाणू याचे उत्तम उदाहरण. तो मेंदूत ठाण मांडून बसतो, सुरुवातीचा हल्ला विषाणूवरच असतो, पण आठवड्यांनी तो पसरत मायलिनवर जातो. माणसातला सर्वांत बोलका दाखला मायलिनच्या बाहेरचा आहे. हर्पीस सिम्प्लेक्सच्या मेंदूदाहातून सावरणारे काही रुग्ण पुन्हा बिघडतात. हा विषाणूचा पुनरुद्भव असावा असे पूर्वी वाटे. स्पेनमधल्या एका गटाने अशा ५१ रुग्णांचा पहिल्यापासून पाठपुरावा केला, तेव्हा १४ जणांना मेंदूच्या पेशींवरच्या ग्राही प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊन नवा, ऑटोइम्यून मेंदूदाह झाला. विषाणू आधी आणि आत्मघात नंतर, हा क्रम इतक्या स्वच्छपणे याआधी क्वचितच दिसला होता. एडेमला मात्र हे मत जसेच्या तसे लागू करता येत नाही, कारण लिमाच्या अभ्यासाप्रमाणे बहुतेकदा मेंदूत विषाणू मुळी सापडतच नाही. मग प्रथिने सांडली कशी, हा प्रश्न उरतो.

तिसऱ्या मताप्रमाणे कोणत्याही एका तुकड्याचा दोष नाही. मोठा संसर्ग प्रतिकारयंत्रणेचा तोलच घालवतो आणि शांत पडून राहिलेल्या, मायलिन ओळखणाऱ्या पेशी त्या गोंधळात जाग्या होतात. गोवर प्रतिकारशक्ती किती खोलवर ढवळून काढतो हे माहीत असल्याने गोवरापुरते हे पटते. साध्या सर्दी-खोकल्यानंतर झालेल्या एडेमला ते पुरत नाही.

ही मते एकमेकांना बाद करत नाहीत. वेगवेगळ्या रुग्णांत वेगवेगळी वाट असणे शक्य आहे. एकच तक्रार करावीशी वाटते: साम्याचे मत पुराव्याच्या मानाने फार ठामपणे सांगितले जाते, आणि हजार मुलांना गोवर येऊन एकालाच हे का होते, त्या एका मुलात वेगळे काय आहे, याचा शोध मागे पडतो.

एका प्रतिपिंडाने बदललेला नकाशा

त्या एका मुलात वेगळे काय, याचे पहिले हाती लागलेले उत्तर मॉग प्रतिपिंडांचे. मॉग हे मायलिनच्या अगदी बाहेरच्या थरावरचे प्रथिन. त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे पूर्वी प्रयोगशाळेत विस्कटलेल्या प्रथिनावर तपासली जात आणि निरोगी माणसांतही सापडत, त्यामुळे त्यांवरचा विश्वास उडाला होता. प्रथिनाचा मूळ घडीदार आकार जपणाऱ्या चाचण्या २००७ पासून आल्या आणि चित्र पालटले. एडेम झालेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांत ही प्रतिपिंडे मिळतात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये ती जवळजवळ नसतात. त्याआधीच, २००४-०५ मध्ये, व्हांडा लेनन आणि सहकाऱ्यांनी न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या आजारात अ‍ॅक्वापोरिन-४ विरुद्धचे प्रतिपिंड शोधून तो स्वतंत्र आजार असल्याचे सिद्ध केले होते. लक्षणांवरून नाव देण्याच्या जुन्या पद्धतीला दोन बाजूंनी धक्के बसले.

आज दोन भूमिका आहेत. एका गटाला एडेम हे रुग्णशय्येवरचे चित्र म्हणून टिकवायचे आहे. मुलांमधल्या या आजारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाचे २०१३ चे निकष तेच सांगतात: मेंदूच्या अनेक भागांवर एकाच वेळी झालेला पहिला आघात, तापाने समजावता न येणारा शुद्धीतला किंवा वागण्यातला बदल, एमआरआयवर खुणा, आणि तीन महिन्यांनंतर नवे काही न घडणे. दुसऱ्या गटाच्या मते नाव प्रतिपिंडावरून द्यावे. मॉगशी निगडित आजाराचे निकष २०२३ मध्ये आले, त्यात एडेम हे त्या आजाराच्या अनेक चेहऱ्यांपैकी एक आहे. दुसरे चेहरे दृष्टितंतूचा दाह आणि मज्जारज्जूचा दाह. माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे, पण पहिल्या गटाचा मुद्दा डावलता येत नाही. प्रतिपिंड न सापडलेली निम्मी मुले मग कुठे ठेवायची? ती एकाच आजाराची आहेत की पाच निरनिराळ्या आजारांची, हे आज सांगता येत नाही.

प्रतिपिंड स्वतः हल्लेखोर आहे की हल्ल्याची फक्त खूण, यावरही वाद आहे. माणसातली बरीच मॉग प्रतिपिंडे उंदराचे मॉग ओळखतच नाहीत, त्यामुळे साधा प्राणिप्रयोगही अवघड होतो. आणि अगदी कमी मात्रेतला चाचणीचा होकार निरोगी माणसातही येऊ शकतो. ही चाचणी मागवणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवायला हवे.

मल्टिपल स्क्लेरोसिसशी नाते

एडेम झालेल्या मुलाच्या आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो, हे पुन्हा होईल का? बहुतेक मुलांना होत नाही. थोड्यांना होते, त्यांत मॉग प्रतिपिंडे टिकून राहिलेली मुले जास्त. आणि मोजक्या मुलांचा तो पहिला आघात पुढे मल्टिपल स्क्लेरोसिसचा निघतो.

दोन्ही आजारांची पाळेमुळे संसर्गात आहेत का, हा प्रश्न २०२२ मध्ये पुन्हा तापला. अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक जणांच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून हार्वर्डच्या गटाने दाखवले की एपस्टाइन-बार विषाणूचा संसर्ग झाल्यावर मल्टिपल स्क्लेरोसिसचा धोका ३२ पट वाढतो. इतर विषाणूंनंतर असे काही होत नाही. त्याच वर्षी या विषाणूचे एक प्रथिन आणि मेंदूतल्या आधारपेशींवरचे एक प्रथिन यांत प्रत्यक्ष साम्य दाखवले गेले. साम्याच्या मताला मिळालेला हा आजवरचा सर्वांत भक्कम आधार आहे. पण इथे संसर्ग आणि आजार यांत वर्षांचे अंतर असते, एडेममध्ये दिवसांचे. एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला चिकटवता येणार नाही. शिवाय आपल्याकडे हा विषाणू लहानपणीच जवळजवळ सगळ्यांना होऊन जातो आणि तरी मल्टिपल स्क्लेरोसिस पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी आढळतो. संसर्गाचे वय महत्त्वाचे असावे. वंशाचाही वाटा असणार: मुंबई परिसरातल्या रुग्णांचा १९७५ मध्ये आढावा घेणारे भीम सिंघल आणि नोशीर वाडिया, आणि त्यांच्यानंतरचेही संशोधक, यांनी पारशी समाजातल्या अधिक प्रमाणाकडे लक्ष वेधले आहे.

कोविड आणि त्याच्या लशी

लंडनच्या क्वीन स्क्वेअर इथल्या डॉक्टरांनी २०२० मध्ये कोविडनंतर मज्जासंस्थेचे आजार झालेल्या ४३ रुग्णांची नोंद छापली. त्यांत नऊ जणांना एडेम होता आणि त्यांतले बरेच प्रौढ होते. मुलांचा समजला जाणारा हा आजार प्रौढांत, आणि तोही रक्तस्रावासह, एवढ्या संख्येने दिसल्याने चिंता वाढली. पण साथीच्या अफाट आकाराच्या मानाने हे रुग्ण थोडेच राहिले.

लशींबद्दल काळजीपूर्वक बोलायला हवे. पुण्यात कोविशील्ड नावाने बनलेल्या ऑक्सफर्डच्या लशीनंतर एडेमचे प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त आढळल्याचे अनेक देशांतल्या ९.९ कोटी लोकांच्या २०२४ च्या अभ्यासात आले. संकेत खरा असू शकतो. पण त्यामागचे रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि त्यावरून काढलेला जादा धोका दहा लाख डोसांमागे एखाद्या रुग्णाएवढा किंवा त्याहून कमी. सेम्पल लशीतला धोका याच्या शेकडो पट होता, आणि त्याचे कारण लशीतच ठेवलेला मेंदू होता. या दोन गोष्टी एका ओळीत बसवणाऱ्यांनी हा फरक नजरेआड केलेला असतो.

आपल्या वॉर्डातला प्रश्न

पाश्चात्त्य लेखांत निदान सोपे वाटते, कारण तिथे स्पर्धक थोडे. आपल्याकडे तापानंतर बेशुद्ध झालेल्या मुलात जपानी मेंदूज्वर, डेंगी, मेंदूचा मलेरिया, स्क्रब टायफस, क्षयाचा मेंदूज्वर हे सगळे रांगेत उभे असतात. नागपूरजवळच्या चांदिपुरा गावात १९६५ मध्ये सापडलेला विषाणू एक-दोन दिवसांत मूल नेतो. २००३ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात त्याने मोठा फटका दिला. तापात आणि लक्षणांत अंतर नसणे ही तिथली खूण, तर एडेममध्ये सहसा काही दिवसांची शांतता मध्ये असते. पण ही खूण दगाही देऊ शकते, कारण पालकांना मधला बरा काळ आठवेलच असे नाही, आणि कित्येक एडेमच्या मुलांना आधीचा संसर्ग मुळी सांगताच येत नाही.

एमआरआयवर पांढऱ्या भागात दोन्हीकडे पसरलेले, मोठे, कडा धूसर असलेले डाग आणि थॅलॅमससारख्या खोल केंद्रांतला सहभाग एडेमकडे बोट दाखवतात. पाठीतल्या पाण्यात पेशी थोड्या वाढलेल्या असतात. अहवाल येईपर्यंत डॉक्टर अ‍ॅसिक्लोव्हिर आणि प्रतिजैविके सुरू ठेवतात आणि चित्र स्पष्ट झाले की स्टेरॉइड देतात. क्षयरोग निसटू नये म्हणून ही सावधगिरी आपल्याकडे विशेष गरजेची आहे. स्टेरॉइडची मात्रा सहसा मिथाइलप्रेडनिसोलोन, किलोमागे २० ते ३० मिलिग्रॅम, दिवसाला कमाल एक ग्रॅम, तीन ते पाच दिवस शिरेतून, आणि मग तोंडाने कमी करत चार ते सहा आठवडे. प्रतिसाद नसेल तर इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलणे. हे सगळे अनुभवावर उभे आहे. एडेमच्या या उपचारांची तुलना करणारी यादृच्छिक चाचणी आजवर झालेली नाही. विरळ आणि तातडीच्या आजारात तशी चाचणी कठीण असते हे खरे. पण यामुळे तोंडाने स्टेरॉइड किती आठवडे द्यावे, यासारख्या रोजच्या प्रश्नालाही सवयीचेच उत्तर मिळते.

बरे झालेल्या मुलांकडेही पुरेसे लक्ष जात नाही. हातपाय चालू लागले म्हणजे मूल बरे, अशी आपली समजूत. लक्ष टिकणे, वेग, स्मरण यांत राहिलेली उणीव शाळेत उघडी पडते, आणि तोवर कोणी त्या आजाराशी तिचा संबंध जोडत नाही. यावर भारतातून आलेली बरीचशी माहिती एकेका रुग्णालयातल्या छोट्या रुग्णमालिकांची आहे. अनेक रुग्णालयांनी मिळून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला तरच त्या मुलांचे पुढे काय होते ते कळेल.

सध्या सर्वांत जास्त चर्चा मॉग प्रतिपिंडे सापडलेल्या, पण एकच आघात झालेल्या मुलाची आहे. त्याला दीर्घकाळ प्रतिकारशक्ती दाबणारे औषध द्यावे का? बहुतेक तज्ज्ञ दुसऱ्या आघातापर्यंत थांबतात, कारण निम्म्याहून अधिक मुलांना तो होतच नाही आणि औषधांचे स्वतःचे धोके असतात. सहा महिने ते वर्षाने चाचणी पुन्हा करून प्रतिपिंडे गेली का पाहतात. गेली असतील तर पुनरावृत्तीची शक्यता बरीच कमी होते. राहिली असतील, तर मात्र पुढे काय करायचे याचे सर्वांना मान्य उत्तर नाही. पुनरावृत्ती होणाऱ्या रुग्णांसाठी नव्या औषधांच्या चाचण्या सुरू झाल्या आहेत, बहुतांशी प्रौढांत; एकाच आघाताच्या मुलाचा निर्णय त्यांतूनही लगेच होणार नाही.